कानाला खटकणारे इंग्रजी आणि कामाला अडवणारे इंग्रजी

पत्र : मी पुण्यातील एका खासगी कंपनीत विभागप्रमुख आहे. वय ४७. माझे शिक्षण इंग्रजी माध्यमाच्या शाळेत झाले आणि इंग्रजीच्या शुद्धतेबाबत माझे वडील फार काटेकोर होते. माझ्या विभागातील बहुतेक मुले मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातून आलेली आहेत. हुशार आहेत, कामाला वाघ आहेत, पण त्यांचे इंग्रजी ऐकले की माझे डोके उठते. 'डिस्कस अबाउट', 'रिव्हर्ट बॅक', 'आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स', 'कझिन ब्रदर', 'प्रीपोन', 'वेडनेसडे', 'रिसीप्ट', 'प्रोनाउन्सिएशन'... किती म्हणून सांगू? मागच्या महिन्यात लंडनच्या ग्राहकाबरोबर ऑनलाइन बैठक चालू असताना एक मुलगा 'येस्टरडे ओन्ली आय हॅव सेंट' असे म्हणाला आणि मी सर्वांसमोर त्याचे वाक्य दुरुस्त केले. तेव्हापासून तो बैठकीत विचारल्याशिवाय बोलत नाही. पत्नी म्हणते, चूक माझी आहे. मला वाटते, चुकीला चूक म्हणणे हे माझे कामच आहे. इंग्रज माणूस हे सारे ऐकून काय म्हणत असेल? सर्वांना स्पोकन इंग्लिशच्या वर्गाला पाठवावे का? आणि ही चीड कमी कशी करावी?
(नाव प्रसिद्ध न करण्याच्या विनंतीवरून)

उत्तर :

सप्रेम नमस्कार. आपल्या पत्नीचे म्हणणे बरोबर आहे, पण मला ते अर्धेच बरोबर वाटते. त्या मुलाला चारचौघांत टोकणे गैर होते, याबद्दल दुमत नाही. मात्र इंग्रजीकडे लक्ष द्यायला हवे, हा आपला मूळ आग्रह चुकीचा नाही. अडचण निराळीच आहे. आपल्या यादीत ज्या गोष्टी आहेत त्यांनी ग्राहकाचे फारसे काही अडत नाही, आणि ज्यांनी खरोखर काम बिघडते त्या आपल्या यादीत जवळजवळ नाहीतच.

आधी त्या एका वाक्यापासून सुरुवात करू, कारण सारा गुंता त्यात सापडतो. 'कालच पाठवली आहे' हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. त्या मुलाने तेच इंग्रजीत सांगितले. मराठीतला 'च' इंग्रजीत नाही. तिथे तो जोर बोलणारा आवाजाने देतो. ज्याला जोर शब्दाने द्यायची सवय आहे त्याच्या हाताशी 'ओन्ली' एवढाच शब्द येतो आणि तो 'च'प्रमाणेच मागे चिकटतो. दुसरी गोष्ट 'हॅव सेंट'ची. मराठीत 'काल' आणि 'पाठवली आहे' एकत्र सुखाने नांदतात, तर इंग्रजीत 'येस्टरडे' आला की 'हॅव'ला वाक्याबाहेर जावे लागते. व्याकरणाच्या दृष्टीने ही चूकच आहे, हे मान्य करायला हवे. पण लंडनच्या माणसाला फाइल केव्हा पाठवली एवढेच हवे होते आणि ते त्याला पहिल्या शब्दातच कळले. मग आपण दुरुस्ती कोणासाठी केली, याचा विचार आपण स्वतःशी करावा, अशी विनंती आहे.

'डिस्कस अबाउट' आणि 'आय ॲम हॅविंग' यांचीही तीच गोष्ट. आपण एखाद्या विषयाबद्दल चर्चा करतो, म्हणून 'अबाउट' येते. 'आहे' हे क्रियापद मराठीत बहिणी असण्यालाही चालते आणि येत असण्यालाही चालते, म्हणून 'ॲम' आणि 'हॅविंग' यांची जोडी जमते. प्रमाण इंग्रजीत ही रूपे बसत नाहीत. ती जमेल तशी सुधारावीत, विशेषतः लेखनात, पण त्यांनी आजवर कोणाचा गैरसमज झाल्याचे उदाहरण शोधून सापडणे कठीण आहे.

यादीतील काही शब्दांना मात्र मी चुकांमध्ये धरणार नाही. 'प्रीपोन' हा शब्द भारतीयांनी अज्ञानातून पाडला, असा समज आहे. प्रत्यक्षात १९१३ साली न्यू यॉर्क टाइम्समध्ये एका वाचकाने पत्र लिहून 'पोस्टपोन'ला जोडीदार म्हणून हाच शब्द सुचवला होता. तिकडे तो रुजला नाही, आपल्याकडे रुजला, आणि आता ऑक्सफर्डच्या कोशात त्याला जागा मिळाली आहे. बैठक ठरल्या वेळेच्या आधी घेतली, हे एका शब्दात सांगण्याची सोय इंग्रजांनी करून ठेवली नसेल तर ती आपण केली म्हणून बिघडले काय? 'कझिन ब्रदर'चेही तसेच. ज्याच्या भाषेत चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ आणि मावसभाऊ असे चार वेगळे भाऊ आहेत, त्याला नुसता 'कझिन' हा शब्द इतका मोघम वाटतो, की भाऊ की बहीण एवढे तरी सांगावे, असे त्याच्या मनात येणारच. काश्मीरमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत अध्यापन करणारे भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी भारतीय इंग्रजीला स्वतःची घडण असलेला इंग्रजीचा एक प्रकार मानावे, हे १९८०च्या दशकातच विस्ताराने मांडले आहे. त्यांचे सर्वच म्हणणे पटायला हवे असे नाही, पण ऑस्ट्रेलियन माणसाचे वेगळे इंग्रजी आपण 'प्रकार' म्हणून खपवून घेतो आणि परभणीच्या माणसाचे तेवढे 'चूक' ठरवतो, हे मला तरी न्यायाचे वाटत नाही.

उच्चारांबद्दल आपली तक्रार 'रिसीप्ट' आणि 'वेडनेसडे' यांची आहे. ज्याने इंग्रजी कानाआधी डोळ्यांनी शिकले, तो अक्षर दिसले की त्याचा उच्चार करणार, आणि मराठीसारख्या लिहिल्याप्रमाणे बोलल्या जाणाऱ्या भाषेतून आलेला तर करणारच. शिवाय 'रिसीट'मधला 'पी' काय किंवा 'डेट' म्हणजे कर्ज या शब्दातला 'बी' काय, ही अक्षरे लॅटिन मूळ दिसावे या हौसेने पुढच्या काळातील विद्वानांनी घुसवली. उच्चारात ती कधी नव्हतीच. तेव्हा दोष द्यायचाच तर न उच्चारायचे अक्षर शब्दात आणून बसवणाऱ्याला आधी द्यावा. खुद्द इंग्लंड-अमेरिकेत 'ऑफन'मधला 'टी' म्हणणारे सुशिक्षित लोक पुष्कळ आहेत. आणि घरचा नळ गळू लागला की आपणही 'प्लंबर'लाच फोन करत असाल; 'प्लमर' येणार आहे, असे सांगितले तर वॉचमन त्याला फाटकातून आत सोडेल की नाही, याची शंका आहे. 'प्रोनाउन्सिएशन'बाबत मात्र मी आपल्या बाजूने आहे. नेमका 'उच्चार' या अर्थाचाच शब्द उच्चारात चुकावा, याची गंमत वाटते; पण ती गंमतच आहे.

आता आपला दुसरा प्रश्न, इंग्रज माणूस काय म्हणत असेल. इंग्रज माणूस गेली तीनशे-साडेतीनशे वर्षे आपल्या शेजारच्या इंग्रजाचे इंग्रजी ऐकून कपाळाला हात लावत आला आहे. जॉन ड्रायडन या कवीने १६७२ मध्ये नाटककार बेन जॉन्सनच्या वाक्यांतील दोष काढताना, 'ऑफ', 'विथ' असले शब्द वाक्याच्या शेवटी ठेवण्याला नाक मुरडले. पुढे लंडनचा बिशप झालेल्या रॉबर्ट लोथने १७६२ च्या आपल्या व्याकरणात, ही आपल्या भाषेची ओढच आहे, बोलण्यात ती शोभतेही, पण गंभीर लेखनात टाळलेली बरी, असा बेताचा सल्ला दिला. विशेष म्हणजे ते सांगणाऱ्या त्याच्या वाक्याचा पहिला भाग स्वतःच 'टू' या शब्दावर संपतो. पुढच्या मास्तरांनी त्यातला विनोद आणि संयम दोन्ही गाळून नुसती बंदी तेवढी शिल्लक ठेवली. मोजता येणाऱ्या वस्तूंना 'फ्यूअर' आणि न मोजता येणाऱ्यांना 'लेस' लावायचे, हा भेदही असाच. रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने १७७० मध्ये आपली आवड म्हणून तो सुचवला. त्याआधी कित्येक शतके, राजा आल्फ्रेडच्या काळापासून, मोजता येणाऱ्या वस्तूंनाही लोक खुशाल 'लेस' लावत होते. तरीही त्या एका शब्दावरून लोक इतके मागे लागले, की टेस्को या तिथल्या मोठ्या दुकानसाखळीने २००८ मध्ये 'टेन आयटम्स ऑर लेस' या पाट्या बदलून 'अप टू टेन आयटम्स' करायचे ठरवले. भाषेचा निवाडा करणारी फ्रेंचांसारखी अकादमी इंग्रजीसाठीही असावी, अशी मागणी जोनाथन स्विफ्टने १७१२ मध्ये केली होती. ती पुरी झाली नाही आणि प्रत्येक जण स्वतःच न्यायाधीश होऊन बसला.

या भांडणांकडे जरा निरखून पाहिले, तर राग शब्दावर असतो की शब्द बोलणाऱ्यावर, असा प्रश्न पडतो. 'आस्क'ऐवजी 'आक्स' म्हणणाऱ्याची अमेरिकेत टर उडवली जाते, कारण आज तो उच्चार मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या बोलण्याशी जोडला गेला आहे. पण चौदाव्या शतकात चॉसर हा कवी तो शब्द त्या रूपातही लिहीत होता आणि १५३५ मध्ये छापलेल्या पहिल्या संपूर्ण इंग्रजी बायबलातही 'मागा, म्हणजे तुम्हाला मिळेल' या वचनात तेच रूप आहे. म्हणजे बायबलात चालले ते हार्लेम या न्यू यॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत गावंढळ ठरले. आपल्याकडचा 'नुकसान' म्हणताना 'नुस्कान' आणि 'डेस्क' म्हणताना 'डेक्स' म्हणणारा माणूस जिभेची नेमकी हीच उलटापालट करतो. उत्तर आयर्लंडमध्ये 'एच' या अक्षराचे नाव कोणी 'हेच' असे सांगितले, तर तो कॅथलिक असावा आणि 'एच' म्हटले तर प्रॉटेस्टंट असावा, असा अंदाज लोक बांधतात; एका अक्षराच्या नावावरून माणसाचा धर्म ताडला जातो. आणि आपण फार लांब कशाला जायचे? 'पानी' म्हणणाऱ्याला 'पाणी' म्हणायला लावताना आजवर किती वर्गांत मुले हसली असतील आणि त्या हसण्यामागे त्या मुलाचे गाव, जात आणि घर किती वेळा असेल, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. नियम तरी कुठे कायम असतात! आपल्या वडिलांनी शाळेत बहुधा 'त्यांनीं', 'केलें' असे अनुस्वार देऊनच मराठी लिहिले असेल. १९६२ मध्ये नियम बदलले आणि कालचे शुद्ध लेखन आजचे अशुद्ध झाले.

तेव्हा लंडनचा ग्राहक काय म्हणत असेल, याची धास्ती सोडून द्या. त्याच्याही काही चिडी असतील, पण त्या बहुधा 'कुड हॅव'ऐवजी 'कुड ऑफ' लिहिणाऱ्या त्याच्या पुतण्यावर असतील.

आता खऱ्या यादीकडे वळतो, आणि इथे आपला काटेकोरपणा मला पूर्ण हवा आहे.

पहिली आणि सर्वांत धोक्याची गोष्ट नकारार्थी प्रश्नाच्या उत्तराची. 'फाइल आली नाही का?' असे मराठीत कोणी विचारले आणि ती आली नसेल, तर आपण सहज 'हो, नाही आली' असे म्हणतो. समोरचा बरोबर बोलला, एवढाच त्या 'हो'चा अर्थ. इंग्रजीत तोच प्रश्न 'हॅवन्ट यू रिसीव्ह्ड द फाइल?' असा आला आणि आपल्या मुलाने 'येस' म्हटले, तर ग्राहक समजतो की फाइल मिळाली. ऑनलाइन बैठकीत आवाज तुटत असतो, 'येस'च्या पुढचे शब्द ऐकू येत नाहीत, आणि दोन्ही बाजू निश्चिंत होऊन बैठक संपते. आठवड्याने ग्राहक विचारतो की काम का झाले नाही, आणि मग प्रत्येकाला दुसरा खोटे बोलला असे वाटते. इथे व्याकरणाचा एकही नियम मोडलेला नाही, उच्चारही शुद्ध आहे, म्हणून आपल्या कानाला हे कधी खटकले नसेल. उपाय सोपा आहे : 'येस' किंवा 'नो' यावर कधीच थांबायचे नाही, पूर्ण वाक्य बोलायचे. 'वी हॅव नॉट रिसीव्ह्ड इट' एवढे म्हटले की प्रश्न कसाही असो, उत्तर निसटत नाही.

दुसरी गोष्ट आपल्याच यादीतल्या 'रिव्हर्ट बॅक'ची. आपल्याला त्यातला 'बॅक' टोचतो, कारण तो जादा आहे. मला त्यातला 'रिव्हर्ट' अधिक काळजीचा वाटतो. भारतात त्याचा अर्थ 'उत्तर द्या' असा झाला आहे, इंग्लंडमध्ये मात्र सर्वसाधारणपणे तो पूर्वस्थितीला जाण्याचा शब्द आहे, आणि सॉफ्टवेअरच्या कामात तर केलेला बदल मागे घेणे यालाच 'रिव्हर्ट' म्हणतात. 'प्लीज रिव्हर्ट ऑन धिस चेंज' असे कोणी लिहिले, तर उत्तर मागितले की बदल रद्द करायला सांगितला, हे वाचणाऱ्याला कसे कळावे? 'आय हॅव अ डाउट' हेही त्याच जातीचे. आपण 'शंका आहे' या अर्थाने प्रश्न विचारायला हात वर करतो. ऐकणाऱ्याला वाटते, याचा आपल्यावर विश्वास नाही. तिथे साधा 'क्वेश्चन' हा शब्द पुरे आहे.

तिसरी गोष्ट उच्चाराची, पण अक्षरांच्या उच्चाराची नव्हे. मराठीत आपण शब्दातील प्रत्येक अक्षराला जवळपास सारखे वजन देतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर देऊन बाकीची अर्धवट गिळली जातात, आणि इंग्रजी कान शब्द ओळखतो तो बराचसा त्या जोरावरून. 'डेव्हलप'मध्ये जोर 'व्हे'वर आहे, 'कमिटी'मध्ये 'मि'वर, 'हॉटेल'मध्ये 'टे'वर. आपण हे तिन्ही शब्द बहुधा पहिल्याच अक्षरावर रेटतो, आणि सगळी अक्षरे बरोबर असूनही समोरचा 'सॉरी?' म्हणतो. 'रिसीप्ट'मधल्या जादा 'प'ने तो एवढा अडखळत नाही.

'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांच्याबद्दल आपण काही लिहिले नाही, पण त्यांचा गोंधळ कधीकधी नडतो. खरे तर मराठी लेखनाने हा भेद कागदावर बराचसा सोडवला आहे. आपण 'व्हॅन' आणि 'व्हिडिओ' लिहितो, पण 'वॉर्ड' आणि 'वॉच' लिहितो, जी सोय हिंदीने केलेली नाही. फक्त 'व्हाइट', 'व्हील' यांसारख्या शब्दांत इंग्रजी स्पेलिंगमधला 'एच' पाहून आपण 'व्ह' लिहायला लागलो, आणि तिथे नेमका जिभेला चकवा बसतो. 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, 'डब्ल्यू'ला ओठांचा चंबू करायचा आणि दात लांब ठेवायचे. दोन मिनिटांत दाखवता येते, आणि आरशासमोर केले तर हसतखेळत जमते.

आता त्या मुलाचे. त्याला एकट्याला बोलवा, मराठीतच बोला आणि आडवळणे न घेता सांगा की त्या दिवशी सर्वांसमोर टोकायला नको होते. 'तुझ्या भल्यासाठीच' हे शब्द कृपा करून वापरू नका. ते आले की माफीची पुन्हा शिकवणी होते. टोकणे टीमसमोर झाले होते, म्हणून टीमच्या पुढच्या अंतर्गत बैठकीत एका वाक्यात तेच बोलून विषय संपवा. त्यानंतर तो लगेच मोकळा होईल, अशी अपेक्षा धरू नका. बैठकीत त्याच्या तोंडून पुन्हा असे वाक्य आले आणि अर्थ स्पष्ट असेल, तर आपण पुढे बोलताना तेच शुद्ध रूपात सहज वापरा : 'राइट, यू सेंट इट येस्टरडे, सो...' आणि पुढच्या मुद्द्याला जा. चांगले भाषाशिक्षक वर्गात हेच करतात. ऐकणाऱ्याच्या कानावर योग्य रूप पडते आणि कोणाची मान खाली जात नाही. अर्थच बिघडत असेल, जसा वरच्या 'येस'मध्ये, तर मात्र तिथल्या तिथे विचारा, पण ते 'म्हणजे फाइल आलेली नाही, बरोबर?' असे कामाचा प्रश्न म्हणून विचारा.

चीड पूर्ण जाणार नाही आणि ती जायला हवी असेही मला वाटत नाही. वडिलांनी लावलेला कान आहे तो. त्याला योग्य जागी कामाला लावा. ग्राहकाकडे जाणारे प्रस्ताव, करारांचे मसुदे, वापरकर्त्यांसाठीच्या सूचना हे सारे आपल्या नजरेखालून जाऊ द्या आणि तिथे 'डिस्कस अबाउट'वर निर्दयपणे लाल रेघ मारा. लिखित मजकूर कंपनीच्या नावाने जातो, तिथे अमक्याचे इंग्रजी असा प्रश्न उरत नाही. बोलणे हे माणसाचे स्वतःचे असते, म्हणून तिथे हात आखडता घ्यायचा, एवढेच.

स्पोकन इंग्लिशच्या वर्गाला सरसकट सगळ्यांना पाठवू नका. त्यातले बरेचसे वर्ग उच्चाराचा वरवरचा मुलामा आणि पाठ केलेली वाक्ये देतात, आणि आपल्या मुलांना तो शेरा वाटेल. त्याऐवजी आठवड्यातून अर्धा तास ग्राहकाबरोबरच्या मागच्या बैठकीचे ध्वनिमुद्रण, सर्वांच्या संमतीने, एकत्र ऐका. त्यातले ग्राहकाने 'सॉरी?' म्हटलेले किंवा तोच प्रश्न पुन्हा विचारलेले क्षण तेवढे टिपा, आणि तिथे काय अडले ते मुलांनाच शोधू द्या. ग्राहकाचे स्कॉटिश किंवा लंडनच्या वस्तीतले बोलणे आपल्याला कुठे कळले नाही, तेही त्याच यादीत लिहा. पहिल्या दिवशी ध्वनिमुद्रणातले आपले स्वतःचे बोलणे आधी लावा.